गर्टी, डावा पाय!

पडद्यावर आधी येतो एक हात. काळ्या फळ्यावर तो पांढऱ्या रेघांनी एक माणूस काढतो. डोक्याच्या जागी वाटोळं, त्यावर शंकूसारखी टोपी, हातपाय म्हणून चार रेघा. बालवाडीतल्या पोरानं काढावा तसा. हात बाजूला होतो आणि माणूस आपला आपण हलायला लागतो. पुढे जे घडतं त्याला गोष्ट म्हणणं अवघड आहे. नाट्यगृहात बसलेल्या एका गृहस्थापुढे भल्यामोठ्या टोपीची बाई येऊन बसते, मग तिच्या टोपीतली पिसं एकेक करून उपटली जातात. बाटलीचं फूल होतं, हत्तीचं घर होतं. तो शंकूच्या टोपीचा विदूषक उंचावरून पडतो, मोडतो. तेव्हा तो हात पुन्हा चौकटीत येतो आणि त्याला सांधून देतो. मग विदूषक घोड्यावर बसून निघून जातो. दोन मिनिटांच्या आतला सगळा कारभार.

एमील कोल या फ्रेंच व्यंगचित्रकाराचा हा ‘फँटास्मागोरी’. १७ ऑगस्ट १९०८ रोजी पॅरिसच्या जिम्नाझ नाट्यगृहात तो पहिल्यांदा दाखवला गेला. कोल तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. नाव काढायचं वय उलटून गेलेला, मासिकांत चित्रं काढून पोट भरणारा माणूस. या सिनेमासाठी त्यानं सुमारे ७०० चित्रं काढली. खालून दिवा लावलेल्या काचेवर एक कागद, त्यावर दुसरा, आणि दिसणारी जुनी रेघ गिरवताना ती केसभर सरकवायची, अशी त्याची पद्धत.

मला मात्र यातली सगळ्यात मोठी गंमत वाटते ती फळ्याची. कारण फळा तिथे नाहीच. कोलनं चित्रं काढली पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं. मग पडद्यावर दाखवली ती उलटी, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून, त्यामुळे ती खडूनं काढल्यासारखी दिसली. एवढा खटाटोप कशाला? तर प्रेक्षकाला फळा ओळखीचा होता म्हणून. त्या काळी युरोप-अमेरिकेच्या नाट्यगृहांत एक चपळ चित्रकार यायचा. खडू घेऊन, बोलता बोलता, चार फटकाऱ्यांत मंत्र्याचा चेहरा काढायचा, आणखी दोन रेघांत त्याचा बोकड करायचा. लोक टाळ्या वाजवायचे त्या चित्राला नव्हे, त्या हाताला. सिनेमातली चित्रं चालायला लागली ती याच हाताचं बोट धरून.

जेम्स स्टुअर्ट ब्लॅक्टन हा याच जातीचा. जन्म इंग्लंडचा, वाढला अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातम्या आणि चित्रं दोन्ही द्यायचा. १८९६ मध्ये एडिसनची मुलाखत घ्यायला गेला आणि स्वतःच एडिसनच्या कॅमेऱ्यासमोर चित्र काढत उभा राहिला. १९०० सालच्या ‘एन्चँटेड ड्रॉइंग’मध्ये तो मोठ्या कागदावर एका गृहस्थाचा गोल चेहरा काढतो, शेजारी दारूची बाटली आणि पेला काढतो. मग हात घालून बाटली कागदातून उचलतो. खरीखुरी बाटली! ओततो, पितो. कागदावरच्या गृहस्थाचं तोंड पडतं. थोडी त्यालाही पाजली की तो खुलतो. युक्ती साधी आहे. कॅमेरा थांबवायचा, चित्र बदलायचं, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. चित्र अजून हलत नाही, नुसतं बदलतं. पण ज्याला राग येतो, हवं-नको कळतं, असं चित्र पडद्यावर आलं ते इथे. आणि आल्या आल्या त्याला काय हवं झालं, तर दारू.

सहा वर्षांनी, १९०६ मध्ये, ब्लॅक्टननं ‘ह्यूमरस फेजेस ऑफ फनी फेसेस’ केला. यात हात थोडं काढतो आणि दूर होतो, बाकीच्या रेघा आपोआप उमटतात. चिरूट ओढणारा पुरुष धूर सोडत राहतो, इतका की शेजारची बाई धुरात दिसेनाशी होते. मग हात येऊन सगळं पुसून टाकतो. काही भाग खडूचा, काही कागद कापून केलेल्या तुकड्यांचा, म्हणजे अर्धी लबाडीच. या माणसाचं कौतुक करताना एक गोष्ट गिळवत नाही. १९०७ च्या ‘लाइटनिंग स्केचेस’मध्ये त्यानं कृष्णवर्णीयांसाठीची शिवी आणि एक ज्यू आडनाव फळ्यावर लिहून त्या अक्षरांतूनच कुचेष्टेचे चेहरे काढले. चित्रांत जीव आला तेव्हा काढणाऱ्याच्या मनातला कचराही त्यांच्यासोबत आला.

‘पहिलं कोण’ या वादात मला फारसा रस नाही. तो घालायचाच तर एमील रेनोचं नाव घ्यावं लागेल. १८९२ च्या ऑक्टोबरात, ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाच्याही तीन वर्षं आधी, पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात तो हातानं रंगवलेल्या चित्रांच्या लांब पट्ट्या पडद्यावर चालवत होता. पट्टी पुढे न्यायची, मागे आणायची, एखाद्या हालचालीवर घोळवायची, सगळं स्वतःच्या हातांनी. १९०० पर्यंत त्यानं असे १२,००० वर खेळ केले. पुढे सिनेमानं त्याचा धंदा बसवला आणि त्यानं बहुतेक पट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. त्याच १८९२ च्या सुमारास आपल्या कल्याणला महादेव पटवर्धन आणि त्यांची मुलं ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाखाली जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू करत होती. काचेवर रंगवलेली पुराणातली पात्रं, आणि काचा बदलण्याच्या कसबातून त्यांना दिलेली हालचाल. तिथेही चित्राला जीव यायचा तो कंदिलामागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातातूनच.

हे वाचून काही होत नाही, करून बघावं लागतं, म्हणून मी करून बघितलं. दुरेघी वही घेतली आणि कोपऱ्यात उसळणारा चेंडू काढायला बसलो. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं धरत, म्हणजे तीन सेकंदांना अठ्ठेचाळीस. दीड संध्याकाळ गेली. अंगठ्याखालून पानं सोडली आणि चेंडू उसळला. खरंच उसळला. पण त्याच्या खाली मी हौसेनं जमीन म्हणून एक रेघ काढली होती, ती चेंडूपेक्षा जास्त उसळत होती. प्रत्येक पानावर ती जराशी वर, जराशी खाली गेलेली. हलणारी वस्तू हलवणं त्या मानानं सोपं असतं. स्थिर वस्तू स्थिर ठेवताना दमछाक होते.

हे कळल्यावर मी विन्झर मॅकेचा ‘गर्टी द डायनोसॉर’ पुन्हा लावला, आणि यावेळी डायनोसॉर सोडून मागचे दगड बघत बसलो.

मॅके हा त्या काळच्या अमेरिकी वृत्तपत्रांतला नामांकित चित्रकार. १९०५ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये छापून येणारी त्याची ‘लिटल निमो’ ही चित्रमालिका आजही पानं उलटताना गरगरायला लावते. १९०६ पासून तो नाट्यगृहांतही फळ्यावर चित्रं काढायचा. एक बाळ आणि एक बाळी काढून, रेघा वाढवत वाढवत त्यांना म्हातारं करायचा. मुलाच्या हातातलं पानं सोडून बघायचं पुस्तक पाहिलं आणि हे सुचलं, असं तो सांगे. १९११ मध्ये त्यानं निमोचा सिनेमा केला. त्यात सुरुवातीला मित्रमंडळी टेबलाभोवती बसलीत, आणि मॅके पैज लावतो की महिनाभरात ४,००० चित्रं काढून ती हलवून दाखवतो. मित्र पोट धरून हसतात. मग हमाल शाईची पिंपं आणि कागदाचे गठ्ठे आणून टाकतात. श्रमाची एवढी जाहिरात सिनेमात क्वचितच कुणी केली असेल. पुढच्या वर्षी त्यानं एक टोपीवाला डास केला. तो झोपलेल्या माणसाचं रक्त पिऊन पिऊन फुगतो आणि फुटतो. लोकांना शंका आली की हे तारांनी केलंय. मॅके चिडला असणार. त्यानं ठरवलं, आता असा प्राणी काढायचा की ज्याचा फोटो कुणाच्या बापाला काढता येणार नाही.

गर्टीसाठी त्यानं काढलेल्या चित्रांचा आकडा १०,००० सांगितला जातो. जाहिरातीतला आकडा, जरा हात राखूनच घ्यावा. श्वासासारख्या परत परत येणाऱ्या हालचालींची चित्रं त्यानं पुन्हा पुन्हा वापरली हेही खरं. पण साधारण साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या पातळ राइस पेपरवर गर्टीचं प्रत्येक चित्र त्यानं स्वतः काढलं. मागचे दगड, तळं आणि झाड मात्र जॉन फिट्झसिमन्स या शेजारच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यानं प्रत्येक कागदावर गिरवलं. हजारो वेळा तेच दगड! कागद एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून कोपऱ्यांत खुणा केलेल्या. एवढं करूनही दगडांच्या कडा बारीक थरथरतात. मला तर हा सिनेमा त्या थरथरीसाठीच आवडायला लागलाय. त्या मुलाचं मनगट दिसतं त्यात.

गर्टीचा श्वास किती वेळाचा ठेवायचा, यासाठी मॅकेनं घड्याळ लावून स्वतःचा श्वास मोजला. टोकाच्या दोन स्थिती आधी काढायच्या आणि मधली चित्रं नंतर भरत जायची, ही युक्तीही त्याचीच. आज ॲनिमेशन शिकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात ती शिकतो.

आणि मग शिकागो, पॅलेस थिएटर, फेब्रुवारी १९१४. मॅके रंगमंचावर येतो, हातात चाबूक. मागे पडदा. तो हाक मारतो. दगडांच्या आडून एक मान डोकावते, लाजते, आत जाते. तो पुन्हा बोलावतो. गर्टी बाहेर येते, वाटेत एक धोंडा आणि अख्खं झाड खाऊन टाकते. लोकांना नमस्कार कर म्हटल्यावर वाकते. पाय वर कर म्हटलं की करते, पण मध्येच तळ्यातून डोकावणाऱ्या सापाकडे बघत बसते. रागावल्यावर रडते, तेही लहान मुलीसारखं हुंदके देऊन. एक मॅमथ शेजारून जातो, त्याला शेपटीला धरून तळ्यात भिरकावते. त्यानं सोंडेनं पाणी उडवलं की त्याच्यावर दगड फेकते. तहान लागली म्हणून तळं कोरडं करते. मॅके तिच्याकडे सफरचंद फेकतो, म्हणजे हातातलं हातात लपवतो, आणि त्याच क्षणी पडद्यावर चित्रातलं सफरचंद तिच्या तोंडात पडतं. शेवटी तो पडद्यामागे जातो, आणि पडद्यात एक चिमुकला चितारलेला मॅके येतो. गर्टी त्याला उचलून पाठीवर घेते आणि निघून जाते.

इतिहासाची पुस्तकं सांगतात की व्यक्तिमत्त्व असलेलं पहिलं कार्टून पात्र म्हणजे गर्टी. असेलही. पण तिचं व्यक्तिमत्त्व बरंचसं तिच्या अवज्ञेत आहे. ती ऐकत नाही, म्हणून जिवंत वाटते. आणि इथेच मॅकेची खरी हातचलाखी आहे. चाबूक त्याच्या हातात होता, पण वेळ गर्टीच्या हातात. फिल्म थांबत नाही. तिनं मान वळवायच्या नेमक्या आधी त्याला हाक मारावी लागे, ती रडायच्या आधी रागवावं लागे. एक वाक्य लांबलं की सगळं उघडं पडणार. प्रेक्षकांना दिसत होतं की एक माणूस जनावराला नाचवतोय. प्रत्यक्षात स्वतःच्याच चित्राच्या तालावर तो माणूस नाचत होता, रोज, आणि चुकायची मुभा नव्हती.

हे फार दिवस चाललं नाही. मॅके तेव्हा हर्स्ट या वृत्तपत्रमालकाकडे नोकरीला होता, आणि आपला चित्रकार गावोगाव डायनोसॉर नाचवत फिरतो हे मालकाला रुचलं नाही. बाहेरगावचे खेळ बंद झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस विल्यम फॉक्सनं हा सिनेमा चित्रपटगृहांत आणला. रंगमंचावरचा मॅके आता नव्हता, म्हणून सुरुवातीला एक कथानक जोडलं. मोटार बंद पडते, मंडळी संग्रहालयात डायनोसॉरचा सांगाडा बघतात, मॅके पुन्हा पैज लावतो. पैज घेणारा जॉर्ज मॅकमॅनस हाही प्रसिद्ध व्यंगचित्रकार, आणि योगायोग असा की त्याच सुमारास त्याच्या ‘न्यूलीवेड्स’ मालिकेवर अमेरिकेत सिनेमे करत होता तो आपला एमील कोल. मॅकेच्या हुकमांच्या जागी पाट्या आल्या. आज आपण बघतो ती हीच आवृत्ती.

मॅके गर्टी काढत असताना एक गृहस्थ लेख लिहायचा म्हणून त्याच्याकडे आला, त्यानं मोकळेपणानं सगळं दाखवलं, आणि त्या गृहस्थानं जाऊन त्याच युक्त्यांची पेटंट घेतली, असं सांगतात. तो जॉन ब्रे. त्यानं उलट मॅकेवरच दावा लावला आणि हरला. पुढे मॅकेलाच काही काळ मानधन मिळत राहिलं. पण काळ ब्रेचा होता. त्याच्या कारखान्यात कामाची वाटणी होती. कुणी मुख्य चित्रं काढायची, कुणी मधली, कुणी शाई भरायची. १९१४ मध्ये अर्ल हर्डनं पारदर्शक सेल्युलॉइडवर, म्हणजे ‘सेल’वर, चित्रं काढण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं, आणि फिट्झसिमन्सचा जाच संपला. दगड एकदाच काढायचे आणि त्यावर पारदर्शक पानावरचा प्राणी हलवायचा. आता हजारदा गिरवायला नको, थरथर नको. आणि पडद्यावर दाखवायला तो एक हातही उरला नाही, कारण चित्र कुणा एकाचं नव्हतंच. मॅकेनं स्वतःही १९१८ च्या ‘लुसिटानिया’ जहाजाच्या सिनेमात सेल वापरलं, पण धंदा म्हणून तो यात कधी रमला नाही. १९२७ साली ॲनिमेशनवाल्यांनी त्याच्या सन्मानार्थ न्यूयॉर्कमध्ये जेवण दिलं, तिथे त्यानं जमलेल्यांना तुम्ही कलेचा व्यापार केलात असं सुनावल्याची कथा आहे. जेवणाची चव गेली असणार.

पडद्यावरचा हात शेवटचा दिमाखात मिरवला तो फ्लायशर बंधूंनी, आणि त्याची फजिती करण्यासाठी. मॅक्स फ्लायशरनं रोटोस्कोप नावाचं यंत्र केलं. सिनेमाची एकेक फ्रेम काचेवर पाडायची आणि त्यावर कागद ठेवून गिरवायची. धाकट्या डेव्हला विदूषकाचा झगा घालून नाचवलं, त्याचं चित्रण केलं आणि गिरवत बसले. पहिल्या छोट्याशा प्रयोगानं जवळजवळ वर्ष खाल्लं. त्यातून आला कोको विदूषक, आणि १९१८ पासून ‘आउट ऑफ द इंकवेल’ ही मालिका. साचा ठरलेला. मॅक्स टेबलाशी बसतो, टाक दौतीत बुडवतो, शाईतून कोको येतो. कोकोला कागदावर राहायचं नसतं. तो टेबलावर उतरतो, मॅक्सच्या खोलीभर उच्छाद मांडतो, शेवटी परत दौतीत जातो आणि वर बूच बसतं. १९२३ च्या ‘बेडटाइम’मध्ये तर राक्षसाएवढा होऊन तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मॅक्सला शोधत फिरतो. ब्लॅक्टनच्या गृहस्थाला नुसती दारू हवी होती, गर्टीला लाड हवे होते. कोकोला मालकच नको आहे. गोड चेहऱ्यानं केलेलं हे बंड बघताना हसू येतं, आणि जरा अंगावरही येतं.

त्याच १९२३ मध्ये कॅन्सस सिटीत वॉल्ट डिझ्ने नावाच्या एका एकवीस वर्षांच्या मुलानं फ्लायशरचा साचा उलटा केला. चित्र आपल्या जगात आणण्याऐवजी खरी मुलगी चित्रांच्या जगात पाठवली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मिकी माऊस शिट्टी वाजवत आला तेव्हा त्याच्या आसपास कुणाचा हात दिसत नव्हता.

या सगळ्या काळात नाशिकला एक माणूस आगपेटीतल्या काड्या एकेक करून सरकवत होता. दादासाहेब फाळक्यांचा ‘आगकाड्यांची मौज’ १९१५ चा. महायुद्धामुळे परदेशी कच्ची फिल्म मिळेनाशी झाली होती, तेव्हा जी काही थोडी हाताशी असेल त्यात छोटे सिनेमे करायचे, असे ते दिवस. काड्यांच्या हालचालींचा सिनेमा सात वर्षं आधी कोलनंही केला होता. पण फाळक्यांना एक-एक फ्रेम थांबून टिपायची गोडी त्याआधीच लागलेली होती. ‘हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करताना १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं उगवतं हे रोज थोडं थोडं टिपून ‘अंकुराची वाढ’ केला आणि छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांना दाखवला. महिन्याभराची वाढ मिनिटभरात! नाडकर्ण्यांनी कर्ज दिलं. मॅकेनं मित्रांशी लावलेली पैज सिनेमातली होती. इथे विम्याची पॉलिसी गहाण पडली होती.

फाळके जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकलेले, हातचलाखीचे प्रयोग करणारे, छपाईच्या धंद्यातले. ब्लॅक्टनशी आणि मॅकेशी त्यांची अगदी गट्टी जमली असती. त्यांचा ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा १९१७ चा सिनेमा तुकड्यांत का होईना शिल्लक आहे. त्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना काम समजावून सांगताना, फिल्मची पट्टी तपासताना. हा चमत्कार कोण करतंय ते बघा, असं पडद्यावर येऊन सांगायची हौस त्यांनाही होती. ‘आगकाड्यांची मौज’ मात्र आज बघायला मिळत नाही. त्या काड्यांनी काय मौज केली ती नावावरूनच ताडायची.

या जुन्या मंडळींचं पुढे काय झालं ते सांगायला नको वाटतं. कोल म्हातारपणी गरिबीत राहिला. टेबलावरच्या मेणबत्तीनं त्याच्या दाढीला आग लागली, त्यातून तो सावरला नाही. २० जानेवारी १९३८ ला गेला. मॅके त्याच्या साडेतीन वर्षं आधी गेला. गर्टीच्या हजारो कागदांपैकी काहीशेच आज उरले आहेत.

२०१८ मध्ये फ्रान्समधल्या ॲनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात गर्टीचा १९१४ चा रंगमंचावरचा खेळ पुन्हा जुळवून दाखवण्यात आला. पाट्या काढल्या आणि मॅकेच्या जागी माणूस उभा केला. हे वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना. परवा रात्री सगळे झोपल्यावर लॅपटॉप स्टुलावर ठेवला, चाबकाऐवजी लाकडी फूटपट्टी घेतली आणि उभा राहिलो. पाट्या आल्या की पुढे सरकवायच्या, आणि हुकूम आपण द्यायचे. आधी दोनदा सगळं नीट बघून कागदावर वेळा मांडून ठेवल्या होत्या.

हाक जमली. नमस्कारही जमला. पण पाय उचलायला सांगायच्या वेळी मी तिच्या पोटाकडे बघत राहिलो. ते श्वासाबरोबर वरखाली होत होतं, एका माणसानं घड्याळ लावून मोजलेल्या श्वासाबरोबर. भानावर आलो, फूटपट्टी उगारली आणि दबक्या आवाजात म्हणालो, “गर्टी, डावा पाय!”

तिनं तो केव्हाच उचलून खाली ठेवला होता.